आत्याची चार वाक्यं

सगळ्या जबलपुरात एकट्या मलाच येणारी एक भाषा आहे, आणि तिच्यात मी मुख्यतः भांडते. सिलेंडरवाला जिन्याखालीच टाकी टेकवून "अम्मा, ऊपर कोई लड़का नहीं है क्या?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला जे सुनावते त्यातलं एक अक्षरही त्याला कळत नाही, पण टाकी मुकाट्यानं वर येते. सुनेला वाटतं सासूबाई मंत्र म्हणतात. वाटू दे. तो मंत्र नाही, हिब्रू आहे. तीही पोथीतली नव्हे, बसमध्ये जागेवरून भांडताना वापरायची. ती मी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, दुपारी मटार सोलता सोलता शिकले. तेव्हा मी आठवीत होते की नववीत हे आता नक्की सांगता येत नाही. मटार शहपुऱ्याचा होता हे मात्र नक्की.

आमचे बाबा कारखान्यात टर्नर. आजोबा वर्ध्याकडून आलेले, घरात बुद्धांची तसबीर, संध्याकाळी वंदना. भिंतीपलीकडे सायमनकाकांचं घर. तेही त्याच कारखान्यात, पण साचे बनवायच्या खात्यात. ते मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. पण किती पिढ्या कोकणात राहून मराठीच होऊन गेलेले. घरात काका, फ्लोराकाकू, माझ्या वयाची दीना, आणि काकांची थोरली विधवा बहीण मिल्काआत्या. दीनाचा मोठा भाऊ अब्बू पुढे इस्राएलला गेलेला. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरकी नळी ठोकलेली होती, तिच्यात प्रार्थनेची सुरळी असते. जाता-येता तिला हात लावून बोटं ओठाला लावायची. आमचा पोस्टमन ती बेल समजून दाबत बसायचा आणि "बिजली गई है क्या?" असं ओरडायचा. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन मराठ्या नांदत होत्या. आमच्याकडे "काहून", त्यांच्याकडे "कशाला गो". आई म्हणायची, "काय शुद्ध बोलून राहिल्या बाई ह्या!" आणि आत्या म्हणायची, "सुमे, तुझी आई रागावते तेव्हाही गाणं म्हटल्यासारखी का बोलते गो?"

मला त्या घरचं सगळंच आवडायचं. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत, सणाला नारळाच्या दुधात शिजवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा, आणि दर आठवड्याला मासेवाल्याशी होणारं आत्याचं युद्ध. तो बरगीच्या धरणाकडून यायचा आणि दर वेळी एखादी बिनखवल्याची मासोळी खपवायला बघायचा. त्यांच्या धर्मात खवलं नसलेला मासा चालत नाही. "अम्मा, ये भी तो मछली ही है," तो म्हणायचा. आत्या मासोळी शेपटीला धरून उचलायची, "कपडे कहाँ हैं इसके?" असं विचारायची आणि टोपलीत परत टाकायची. आणखी एक गोष्ट आमच्यात सारखी होती. आम्ही वंदना पालीतून म्हणायचो, ते प्रार्थना हिब्रूतून म्हणायचे, आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की खोकला यायचा.

अब्बू गेल्यावर काकांनीही जायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं काकांनी, काकू "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाल्या, दीना नवीन फ्रॉक शिवायला मिळणार म्हणून नाचली, आणि आत्या म्हणाली, "मी नाही येत." ती लग्न होऊन समुद्र सोडून इथे आली होती. पुढे नवरा गेला तरी कोकणात न परतता भावाजवळ राहिली, नर्मदेच्या पाण्याची सवय करून घेतली. आता परत नवीन पाणी नको, असं तिचं म्हणणं. काका तिच्याशिवाय जाणारे नव्हते, आणि तिला फरफटत नेणारेही नव्हते. त्यांना खरी भीती वेगळीच होती: तिथे हिला कुणाशी बोलता आलं नाही तर ही घरात कोंडून मरेल. म्हणून एके दिवशी त्यांनी सगळ्यांच्या देखत शब्द दिला. "आक्का, तुला हिब्रूची चार वाक्यं बाजारात उभं राहून धड बोलता येत नाहीत, तोवर आपण इथून हलणार नाही. देवाशपथ." आत्यानं मान डोलावली. त्या मान डोलावण्यात काय होतं ते माझ्याखेरीज कुणाला कळलं नाही, कारण मी तिच्यासमोर बसले होते आणि तिनं मला डोळा मारला होता.

काकांची शाळा कारखान्यासारखी चालायची. पाच वाजताचा भोंगा झाला की काका सायकलवरून येत, हातपाय धूत आणि हजेरी घेत. भोंग्यापासून जेवणापर्यंत घरात मराठी बंद, हिंदी बंद. जो चुकेल त्यानं भांडी घासायची. पहिल्या दिवसापासून ते घर मुक्यांचं झालं. काका तहान लागली की घशाकडे बोट दाखवत, कारण "पाणी" त्यांना येत होतं पण "आण" येत नव्हतं. काकूंचे हाल तर विचारू नका. त्यांना खाण्याचे दोनच शब्द पाठ झाले होते, अंडं आणि बटाटा. बटाट्याला हिब्रूत "तपूआख अदामा" म्हणतात, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. ज्याचं नाव येत नाही ते ताटात वाढायचं कसं? म्हणून त्या घरात दिवसचे दिवस अंडी आणि जमिनीतली सफरचंदं शिजली. दीना भिंतीवरून कुजबुजायची, "सुमे, तुमच्याकडे वांगं आहे का गं?" आणि आई वाटीवर झाकण ठेवून माझ्या हाती पाठवायची. "जा, देऊन ये. लेकरं उपाशी मरून राहिली त्या भाषेपायी."

शिकवत मात्र काका छान. त्या भाषेतल्या बहुतेक शब्दांच्या पोटात तीन अक्षरं असतात. तीच तीन अक्षरं वेगवेगळ्या साच्यांत ओतायची आणि वेगवेगळे शब्द काढायचे. साचे बनवणाऱ्या माणसाला हे सांगायला कितीसा वेळ लागणार? "मराठीतही आपण धातूच म्हणतो की," ते खुशीत येऊन सांगत. "धातू एकच. साचा बदलला की कधी खिळा, कधी कडी, कधी कुलूप." दीना भराभर शिकली. मी भिंतीला टेकून फुकट शिकले. आत्या आलेफपाशी अडून बसली. हे पहिलं अक्षर. "सायमन, ह्याला आवाजच नाही म्हणतोस, मग ह्याला पगार कशाचा देतात?" काका कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. "मा श्लोमेख, आक्का? म्हणजे तू कशी आहेस? सांग." आत्या विचार करून करून म्हणायची, "शालोम." काहीही विचारा, शालोम. नाव काय, शालोम. वय काय, शालोम. आणि मग स्वतःहून भांडी घासायला उठायची, खुशाल मराठी गुणगुणत.

आता खरी गोष्ट सांगते. माझी शाळा सकाळची होती. दुपारी काका कामावर, दीना शाळेत, काकू झोपलेल्या. अब्बू एकदा रजेवर आला होता तेव्हा एक टेपरेकॉर्डर आणि थोड्या कॅसेटी ठेवून गेला होता. आपल्या माणसांना तिथली बोली कानावर पडावी म्हणून त्यानं खोलीतल्या मित्रांच्या गप्पा, भाजीबाजार, बसमधली भांडणं, असलं सगळं भरून आणलं होतं. काकांना ते पसंत नव्हतं, त्यांच्या पुस्तकात लोक एकमेकांना "आपली प्रकृती कशी आहे" असं विचारत, आणि टेपमध्ये "मा निश्मा", म्हणजे "काय ऐकू येतंय?" एवढ्यावर भागवत. आत्या मात्र दुपार झाली की मटाराची परात मांडीवर घेऊन त्या टेपपाशी बसायची. मला वाटलं, हिला शिकायचं नाही तर ही ऐकते कशाला? मग लक्षात आलं. मध्येच कुठेतरी अब्बू हसायचा, आणि तिथे तिचा हात शेंगेवर थांबायचा. तिनंच वाढवलेलं ते पोर. ती त्याचं हसणं ऐकायला बसत होती; भाषा आपली कपड्याला गवताचं कुसळ चिकटावं तशी चिकटत गेली.

आणि चिकटली ती काय चिकटली! बसवाला ओरडायचा, "रेगा, रेगा!" म्हणजे थांब जरा. त्यावर एक बाई किंचाळायची, "मा पितोम!" म्हणजे कायच्या काय! मग बसवाल्याचं ठेवणीतलं: "एन लाख बुशा?" लाजबीज आहे का तुला? आत्यानं हे भांडण इतक्या वेळा वाजवलं की आम्ही दोघी ते नाटकासारखं करायचो. मी बसवाला, ती बाई. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बाईला "लाख" म्हणायचं आणि पुरुषाला "लेखा", हेसुद्धा तिनं मला शिकवलं, मी तिला नाही. न कळलेले शब्द आम्ही काकांच्या जाड पुस्तकात शोधायचो, आणि मग आत्याचा खरा खेळ सुरू व्हायचा: शब्दाची हाडं शोधायची. "बसेदेर" म्हणजे ठीक आहे. तिनं तीन अक्षरं बोटांवर धरली आणि एकदम परात खाली ठेवली. "अगो, सिदूर! आमची प्रार्थनेची पोथी! आणि सणाच्या जेवणाचा सेदेर! पोथीतलाच शब्द रस्त्यावर चपला घालून फिरतोय!" तिला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. जन्मभर अर्थ न कळता म्हटलेलं तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळत होतं.

तिचा सगळ्यात लाडका धातू म्हणजे "सबाल"चा. सबाल म्हणजे हमाल. त्याच हाडांचा "सेवेल", म्हणजे हाल. आणि त्यांचाच "सव्लानूत", म्हणजे धीर. "हमाल, हाल आणि धीर एकाच आईची लेकरं," आत्या म्हणाली. "ज्यानं कुणी ही भाषा केली ना सुमे, त्यानं सासुरवास काढलाय बघ." एखादी गोष्ट फसली की तिकडे "अल हपानीम" म्हणतात, म्हणजे "तोंडावर". ते कळल्यावर तर ती परात सांडेस्तोवर हसली. "म्हणजे तिथेही माणसं आपटली की तोंडावरच आपटतात!" संध्याकाळी भोंगा व्हायचा, टेप कपाटात जायचा, आणि आत्या चेहरा कोरा करकरीत करून बसायची. "मा श्लोमेख, आक्का?" "शालोम." मी भिंतीला टेकून ओठ चावायची. मला कुणी विचारलं असतं तर मी खुशाल खोटं बोलले असते. दीना माझी मैत्रीण होती, आत्या माझी त्याहून मोठी मैत्रीण होती, आणि दोघी राहाव्यात एवढंच मला हवं होतं. ह्याबद्दल मला आजही पश्चात्ताप वगैरे काही नाही.

मग पाहुणा आला. जाणाऱ्या कुटुंबांना भेटून तिथली माहिती द्यायला मुंबईहून एक इस्राएली तरुण गावोगाव फिरत होता, योराम नावाचा. उन्हानं तांबडा झालेला, पायात उघड्या चपला, आणि हसला की आमचा अब्बूच. काकांनी कागदपत्रं मार्गी लागली म्हणून एलियाहू नबीला, म्हणजे त्यांच्या प्रेषिताला, मलिदा बोलला होता, तो त्याच दिवशी करायचं ठरवलं. मलिदा हा बेने इस्राएलांचाच नवस. जगातल्या इतर ज्यूंना तो ठाऊकही नाही. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि भोवती फळं. हे मोठ्या ताटात रचून मध्ये ठेवतात, डोकी झाकून नबीची गाणी म्हणतात, एकेका फळावर आशीर्वाद म्हणतात, आणि मगच कुणी हात लावायचा. आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं. बाबांनी डोक्याला रुमाल बांधला होता, आईनं पदर घेतला होता.

घोळ काकांनीच घातला होता, तोही भल्या मनानं. सकाळी स्टेशनवरून आणताना त्यांनी पाहुण्याला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जलेबी खाऊ घातली, आणि जबलपूरचे पोहे कसे खातात ते हातानं करून दाखवलं: आधी वरून भरपूर सेव, मग लिंबू. पाहुणा शहाण्यासारखा शिकला. आता दुपारी त्याच्यासमोर पुन्हा पोह्यांचं ताट आलं. काका टोपी सारखी करून पुस्तकात पान शोधत होते. बाजूला, नंतर चहाबरोबर द्यायला म्हणून काकूंनी सेवेची वाटी आणि चिरलेलं लिंबू ठेवलं होतं. योरामनं ते पाहिलं, "मला येतं हं" अशा अर्थी काकांकडे बघून हसला, आणि अख्खी वाटी नबीच्या मलिद्यावर उपडी केली. वर लिंबू पिळायला घेतलं.

बाबा छताकडे बघायला लागले. आणि कोपऱ्यातून आत्या उठली. "रेगा, रेगा! मा अता ओसे? मा पितोम सेव? कोदेम ब्राखा, अखार काख ओखलिम! एन लेखा बुशा?" म्हणजे: थांब, थांब! काय करतोयस? सेव कसली घालतोस? आधी आशीर्वाद, मग खाणं! लाज आहे का काही? सगळं एका दमात, कंबरेवर हात, हेल थेट त्या बसमधल्या बाईचा. पाहुण्याच्या हातातून लिंबू पडलं. "सलीखा, दोदा, सलीखा!" माफ कर आत्या, माफ कर, असं म्हणत तो उभाच राहिला, आणि मग, आपल्याला कुठे काय ऐकायला मिळालं हे लक्षात येऊन, इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. काका एकेक बोट मिटत होते. चौथं बोट मिटून झालं तरी वाक्यं उरली होती. "आक्का," ते म्हणाले, "हे कधीपासून?" आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर डोक्यावर ओढला, ताटाकडे हात जोडले आणि म्हणाली, "मला काय ठाऊक, सायमन? आत्ताच तोंडातून आलं. नबीची कृपा." आईनं गालावर हात ठेवला, "काय बाई चमत्कार!" काकूंना तो चमत्कार शेवटपर्यंत खराच वाटला. काकांची अशी पंचाईत झाली की विचारू नका. नवस त्यांचाच, नबी त्यांचाच, नाही म्हणायचं कसं? ते एवढंच बोलले, "बरं. नबीचीच इच्छा असेल तर मग निघू या." सेव निवडून काढून मलिदा झाला. मी घास तोंडात घेतला तो खारट लागला, सेवेमुळे असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले नाही. आत्याच आमच्या मागच्या दारी आली, हातात रिकामी परात. "सुमे, मी हरले गो," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुमची जीभ आवरत काहून नाही?" ती पायरीवर बसली. "जिभेचं काही नाही. नबीला पुन्हा साकडं घालून आणखी वर्षभर मुकी झाले असते. पण तो मुलगा हसला ना, अगदी अब्बूसारखा. इतके दिवस पोराला ऐकलं. आता बघावंसं वाटतंय." मी अबोला धरला. तो त्यांच्या निघायच्या दिवसापर्यंत पाळला, आणि मला फार रडू यायचं.

निघताना आत्या दारात येऊन आईला "येते हो" म्हणाली, आई "या" म्हणाली. आपल्यात जाणारा माणूस "जातो" म्हणत नाही. ती लबाडी आहे हे मला त्या दिवशी कळलं. स्टेशनवर मुंबईच्या गाडीपाशी ही गर्दी. दीना रडून लाल झालेली, काका ट्रंका मोजत. आत्यानं खिडकीतून माझी वेणी धरून ओढली. "लेहित्राओत, सुमे." पुन्हा भेटू. त्याची हाडं आम्ही दोघींनीच शोधली होती: बघणं, आरसा, एकमेकांना दिसणं. मी फुगलेलीच होते. मी म्हटलं, "मा पितोम!" कायच्या काय! आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही, पण आत्या जी हसायला लागली ती गाडी हलली तरी हसतच होती, आणि डोळे पुसत होती.

ती पुन्हा दिसली नाही. तिथेच गेली, पिकून, सगळ्यांना दम देत. दीनाचा शोध लागला तो आता अलीकडे, माझ्या नातवानं फोनवर कुठून कुठून शोधून काढला तेव्हा. दीनाची मराठी अजून चोख आहे, मला नवल वाटलं, तसं मी म्हटलंही. "राहणारच," ती म्हणाली. "आत्यामुळे. तुला माहीत आहे, ती इथे अखेरपर्यंत हिब्रू बोललीच नाही." मी म्हटलं, काहीतरीच, तिच्याइतकी हिब्रू तुझ्या बापाला येत नव्हती. दीना हसली. "अगं, खरंच. शेवटी कोपऱ्यावरचा भाजीवाला मराठी शिकला. 'काकडी कवळी आहे, आत्या' म्हणायचा. अब्बू चिडायचा, आत्या, तुला तर येतं, मग बोलत का नाहीस? तर म्हणायची, येतं रे. पण जिच्याशी बोलायची ती जबलपुरातच राहिली."

पलीकडून दीनानं विचारलं, "सुमे? ऐकतेस ना? मा निश्मा?"

"रेगा, दीना," मी म्हटलं. "रेगा." आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.